विहिरीतल्या सात बाया

नाशिक रोड
२ एप्रिल २०२५

मनोज, जयभीम.

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून वरचा पत्ता ऑफिसातल्या पोरीकडून लिहून घेतलाय. रागावू नकोस. तू फोन उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंस. स्नेहलला फोन केला तर ती बिचारी "हे घरात नाहीत, ताई" म्हणते आणि तिच्या मागून तुझा खोकला ऐकू येतो. टपाल खात्यात ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, तेवढाच माझा फायदा.

मुद्द्याचं आधी. आईचं हृदय थकलंय. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, ज्यांना भेटायला बोलवायचं त्यांना आताच बोलवून घ्या, दिवाळीवर ढकलू नका. पायांवर सूज आहे, वॉकर धरून संडासापर्यंत जाते आणि आल्यावर धापा टाकत बसते. तिला चैतालीला बघायचंय. दिवसातून एकदा तरी नाव निघतं. तुझं नाव ती घेत नाही. राग म्हणून नाही, तू पुन्हा ओरडशील ही धास्ती आहे तिला.

मागच्या मे महिन्यात काय झालं ते मीही एकदा लिहून टाकते, म्हणजे आईची बाजू घेऊन मी काही झाकते असं तुला वाटायला नको. आई तुमच्याकडे बंगळुरूला आली होती. चैतालीची पोहण्याची निवड-स्पर्धा तोंडावर आलेली. आणि आईने तिला साती आसरांची गोष्ट सांगितली. पाण्यात सात बाया राहतात, हिरवा चुडा भरलेल्या, आणि एकट्या उतरलेल्या पोराचा पाय धरून त्याला खाली नेतात. तिच्या भावाला, सहादूला, त्यांनीच विहिरीत ओढलं. अकरा वर्षांची पोर ती. स्पर्धेत उडी मारली आणि अर्ध्यावर दोरीला लटकून किंचाळत राहिली. त्यानंतर ती पाण्यात उतरलेली नाही. तू आईला म्हणालास, "तात्यांनी जन्मभर घरातून देव-भुतं हाकलली आणि तू ती माझ्या पोरीच्या डोक्यात भरलीस." दुसऱ्या दिवशी तिला विमानात बसवून दिलंस. वरून मला मेसेज, ही बाई परत माझ्या घरात नको.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. आपल्याला तिने तीच गोष्ट भाकरीच्या घासाबरोबर भरवली. तात्या प्रेसमधून थकून यायचे, ऐकायचे आणि तिच्यावर खेकसायचे. "बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावल्यात आणि ही पोरांना आसरा सांगते!" ती मान खाली घालून भाकरी थापत राहायची. तू तात्यांचं ऐकलंस. माझ्या मात्र आईचं डोक्यात बसलं. मी पंचावन्न वर्षांची सरकारी कारकून बाई, अजून अंघोळीला डोळे मिटून डोक्यावर पाणी घेत नाही. एक डोळा उघडा ठेवते. हस तू.

आता हसायची दुसरी गोष्ट. आईला उठवून बसवून माझी कंबर गेलीय. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला आणि म्हणाले, ऑपरेशन टाळायचं असेल तर पोहा. मी म्हटलं, दुसरं काही? ते म्हणाले, मग आईला उचलायला माणूस ठेवा. माणूस मिळत नाही, मिळाला तर आई त्याला हात लावू देत नाही. तू बंगळुरूत. तेव्हा पोहणं आलं.

चैतालीला घेऊन ये. एक दिवसासाठी ये. आईशी बोलू नकोस हवं तर.

ताई

१५ एप्रिल

मनोज, जयभीम.

काल जयंती झाली. कॉलनीतली पोरं रात्री मिरवणुकीत नाचून आज मेल्यासारखी झोपलीत. आईला पांढरं पातळ नेसवून दारात खुर्ची टाकून दिली होती. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारत होता, मनोज नाही आला? ती म्हणायची, त्याला कंपनीची सुट्टी नाय. मला तुझी बाजू सावरावी लागत नाही, ती सावरते.

मी पालिकेच्या तलावावर नाव घातलंय. बायकांची बॅच दुपारी उशिरा, ऑफिसातून जरा लवकर सुटून जाते. आईला सांगितलंय, फिजिओथेरपीला जाते. शेजारच्या कुसाबाई तेवढा वेळ तिच्याजवळ बसतात आणि दोघी मिळून टीव्हीतल्या सुनांना शिव्या देतात.

पहिल्या दिवशीचं सांगते. कॉश्च्यूम म्हणजे गुडघ्यापर्यंतचा काळा झगाच, तरी त्यात स्वतःला आरशात बघून मी परत घरी निघाले होते. शिकवणारी आशा म्हणून आहे, सटाण्याकडची, चैतालीच्या दुप्पट वयाची असेल नसेल. तिने मला दारातून वळवून आणलं. उथळ बाजूला पाणी कमरेएवढं. पायऱ्यांवरून खाली गेले, दांडी धरली आणि तिथंच थांबले. पुढे पाऊल उचलेना. पाण्यात स्वतःचे पाय दिसत होते, वाकडे, पांढरे, आणि मला वाटत होतं ते माझे नाहीत. शेजारी माझ्याच वयाच्या बायका हसत-खिदळत पाय मारत होत्या. मी दांडीला लोंबकळून पूर्ण वेळ उभी राहिले आणि बाहेर आले. घरी येऊन दार लावून रडले. आईने विचारलं, लय दुखवलं का डाक्टरनं? म्हटलं, हो.

दुसऱ्या दिवशी आशाने तोंड पाण्यात घालून फुगे सोडायला सांगितलं. तोंड घातलं आणि लगेच ओढून काढलं. ती माझे हात धरून म्हणाली, "मावशी, काही नही व्हत. मी शे ना आठे." मला अहिराणी नीट येत नाही, पण 'मी आहे ना इथे' एवढं कळलं. पोर घाबरली की तू चैतालीला काय म्हणतोस? तिच्याशी इंग्रजीत बोलता ना तुम्ही? ती किंचाळत होती तेव्हा तू तिला काय म्हणालास, हे मी तुला कधी विचारलं नाही.

मला एक गोष्ट या दिवसांत डाचतेय. तलावावरच्या बहुतेक बायकांना थोडं तरी येतं. त्या विसरल्यात, अंग जड झालंय, पण लहानपणी मामाच्या मळ्यात पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकलून दिलेल्या आहेत. आपल्या घरात कोणाला येत होतं? तात्यांना नाही, काकांना नाही, आत्यांना नाही. कॉलनीत विचारलं, जुन्या माणसांत कोणालाच नाही. आपल्या अख्ख्या नात्यात पोहणारी पहिली तुझी चैताली. आणि तीच बंद पडली.

कंबर जरा बरी आहे. आई तशीच आहे. तू येण्याचं काही कळव.

ताई

४ मे

मनोज, जयभीम.

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मी आता उत्तरासाठी लिहीत नाही असं स्वतःला सांगते, मग पोस्टमन दिसला की गॅलरीत जाते.

मी तरंगले. वाच नीट, मी तरंगले. आशाने मानेखाली हात ठेवून मला उताणं झोपवलं, कान पाण्यात गेले आणि सगळा कलकलाट एकदम बंद झाला. वर पत्र्याचं छप्पर, एक कबुतर. मी वाट बघत होते की आता पायाला हात लागेल. आई सांगायची तसा, थंडगार, बांगड्यांचा. काही लागलं नाही. मग कळलं की आशाने आपला हात केव्हाच काढून घेतलाय. इतक्या वर्षांत मला कोणी, आईसकट, असं अलगद धरलं नव्हतं. आणि धरणारं कोणी नव्हतंच तिथं. घरी रिक्षातून येताना मी एकटी हसत होते, रिक्षावाला आरशातून बघत होता.

तर आता मी फळी धरून पाय मारत रुंदी ओलांडते. खोल बाजूला जात नाही. तिकडचं पाणी गडद दिसतं.

आणि आईला कळलं. व्हायचंच होतं. कॉश्च्यूम मी गच्चीवर वाळत घालायचे, काल वाऱ्याने तो खाली कुसाबाईंच्या दारात पडला आणि त्यांनी प्रामाणिकपणे आईच्या हातात आणून दिला. मी ऑफिसातून आले तर आई तो मांडीवर घेऊन बसलेली. मी मनात तयारी केली. आता ती रडेल, नारळ आण म्हणेल, हिरव्या बांगड्या नदीत सोडून ये म्हणेल. मी खरं सांगते, मला भांडायचंही त्राण नव्हतं. मी पर्स ठेवली, पंखा लावला आणि तिच्यासमोर बसले.

ती म्हणाली, "कुठली हीर हाय?"

म्हटलं, विहीर नाही, तलाव आहे. पालिकेचा, फरशी लावलेला.

"मालक कोन त्याचा?"

"पालिकेचा आहे, आई. सगळ्यांचा."

"तिथं कोन कोन असतं?"

मी सांगितलं, बायका असतात, शिकवणारी असते, गेटवर एक माणूस असतो.

"त्यांना तुझं नाव ठावं हाय?"

"फॉर्म भरलाय ना. आधार कार्ड दिलंय."

"पुरं नाव?"

"पुरं नाव."

ती बराच वेळ कॉश्च्यूमची घडी करत राहिली. मग म्हणाली, "मला यायचंय तिथं." आसरांचा शब्द नाही. मी म्हटलं, उन्हाचं नको, तुला धाप लागेल. ती म्हणाली, धाप इथंबी लागती.

मी पुढच्या आठवड्यात नेईन म्हटलंय. ओटी-बिटी घेऊन आली तर तिथल्या तिथे माझी अब्रू जाईल, पण तिने आयुष्यात माझ्याकडे किती वेळा काही मागितलंय?

ताई

१६ मे

मनोज,

आज जे लिहितेय ते तू बसून वाच. चैतालीच्या हातात पडू देऊ नकोस.

काल आईला तलावावर नेलं. रिक्षा आतपर्यंत सोडली गेटवरच्या माणसाने, खुर्चीही त्यानेच आणून दिली. आईच्या पिशवीत मी चोरून बघितलं होतं, नारळ नव्हता, पाण्याची बाटली आणि औषधं होती. तिला कठड्यापासून लांब बसवलं. मी कपडे बदलून आले, तिला हात केला आणि पाण्यात उतरले.

तिने बघावं म्हणून मी जरा जोरच केला. फळी न घेता निघाले. मध्ये एकदा नाकात पाणी गेलं, ठसका लागला, पण पोहोचले. दांडी धरून वळून बघितलं, म्हटलं आता तरी हसेल. ती माझ्याकडे बघतच नव्हती. पाण्याकडेही नाही. ती गेटकडे बघत होती. मग आशाकडे, मग बाकावर बसलेल्या बायकांकडे, मग परत गेटकडे. वॉकर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. मी आणखी एकदा गेले-आले. तिची मान तशीच फिरत राहिली. कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

मी बाहेर आले, टॉवेल गुंडाळून तिच्याजवळ बसले. तिने माझा ओला हात धरला आणि हळूच विचारलं, "कोनी काय बोललं का?"

"कोण काय बोलणार, आई?"

"तू उतरलीस तरी?"

"मी पैसे भरलेत. का बोलतील?"

मग तिने तलावाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं आणि म्हणाली, "आता ह्ये पानी काढून टाकत्यात का?"

मला तिथं काही कळलं नाही, मनोज. मला वाटलं ती क्लोरीनचं, साफसफाईचं विचारतेय. म्हटलं, नाही गं, हेच पाणी असतं. ती "बरं, बरं" म्हणत राहिली. रिक्षात बसल्यावर कळलं. कळलं आणि अंगावर ओले कपडे असल्यासारखं गार झालं.

घरी आल्यावर तिने चहा मागितला आणि मी न विचारता बोलली. मधे धाप लागायची, थांबायची. तिच्याच शब्दांत लिहिते.

"सहादूला पवता येत व्हतं गं. माझ्याहून मोठा व्हता. मळ्यातली पोरं डबा बांधून पवायची, आपल्याला जाऊ देत नव्हती. त्यो झाडाआडनं बघून शिकला. वढ्याच्या डोहात एकटाच पवायचा. पर त्याला हिरीत उडी मारायची व्हती. उन्हाळ्यात, दुपारी कोनी नाय बघून मारली. मी वर त्याचा सदरा धरून उभी. त्यो खालनं हसत व्हता, भागे, बघ म्हनं. मग मानसं आली. त्यांनी मला काय नाय केलं. ती पायऱ्यांवर उभी राह्यली. त्याला वर येऊ देईनात. कडंला आला की दगड. तिकडं गेला की तिकडनं दगड. त्यो लय येळ पवला. लय येळ पवला गं, मीना."

 मी तिचा हात धरला होता. पुढचं तिने भिंतीकडे बघून सांगितलं. नंतर हीर बाटली म्हणून सगळं पाणी उपसायला आपल्या आजोबांना, म्हणजे सहादूच्याच वडिलांना, आणि वस्तीतल्या माणसांना लावलं. रात्रभर. आणि गावाने सांगितलं, पोराला आसरांनी ओढलं. वर पोलिसांतही तेच कळवलं गेलं. आजोबांना गावातच राहायचं होतं, तेही तेच म्हणाले.

आसरांची गोष्ट तिची नव्हतीच, मनोज. ती त्यांनी दिलेली होती.

मी विचारलं, मग तू आम्हाला तीच का सांगितलीस? ती म्हणाली, "सुट्टीत तुमी गावाला जायचे. हिरीजवळ जाऊ नका म्हनून काय सांगू? तुमी कोन हायेत ते सांगू? इवलाली पोरं. त्यापरीस बायांचं भ्याव बरं. बायांना भ्यालेलं पोर मान वर करून चालतं तरी."

आणि तात्यांना? "त्यांना सांगितलं असतं तर त्ये गावात जाऊन भांडले असते. एकाचं झालं तेवढं बास." म्हणजे तात्यांनी तिला जन्मभर अडाणी म्हटलं, प्रतिज्ञा वाचून दाखवल्या, आणि ती खाली मान घालून भाकरी थापत राहिली, ते नवरा जिवंत राहावा म्हणून. मी तात्यांच्या फोटोकडे बघितलं. त्यांच्यावर रागवावं की त्यांची कीव करावी, मला कळेना. फार थकल्यासारखं झालं.

बंगळुरूचंही मी विचारलं. आता लपवण्यासारखं काय राहिलं होतं. ती म्हणाली, तलावावर एक बाई तिच्याशी गोड बोलत होती. तुमची नात किती छान पोहते म्हणाली, मग हिंदीतून विचारलं, आडनाव काय तुमचं? आईने सांगितलं. ती बाई "अच्छा" म्हणाली आणि उठून दुसऱ्या बाकावर गेली. कदाचित तिला ऊन लागत असेल. कदाचित तिची पोर तिकडे असेल. आईला पुढचं काही दिसेना. तिला चैताली पाण्यात दिसत होती आणि काठावर माणसं. घरी येऊन तिने तेच केलं जे तिला करता येत होतं. पोरीला पाण्यातून बाहेर काढलं.

चैतालीचं नुकसान झालं ते झालंच. मी ते खोडत नाही. पण तू आईला ज्या गोष्टीसाठी घराबाहेर काढलंस, ती गोष्ट अशी आहे. तुला कळवायला आईने मना केलेलं नाही, कारण मी तिला विचारलेलंच नाही.

ताई

१ जून

मनोज, जयभीम.

तुझा फोन आला त्या दिवशी धड बोलता आलं नाही, आई शेजारीच होती. म्हणून हे लिहितेय, आणि आता पाकिटावर माझंच अक्षर आहे.

तू पडद्यावर दिसलास तेव्हा आधी मी तुला ओळखलंच नाही, दाढी किती पांढरी झालीय. तू "आई" म्हणालास आणि रडायलाच लागलास. आईनेच मग विचारलं, जेवलास का. तू रडत होतास आणि ती तुला विचारत होती तिकडे कांदा काय भाव मिळतो. मला हसावं की रडावं समजेना. इतक्या दिवसांनी भावाचा फोन आला आणि घरात कांद्याची चर्चा. आता तिला नेमकी कसली भीती होती माहितीय? तू माफीचं काहीतरी बोलशील याची. ती तुला बोलूच देत नव्हती.

मग चैताली आली. केवढी झालीय! तू तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "चैताली, आजीच्या गावात काय झालं होतं ते तुला..." आणि आईने तुला तोडलं. इतका मोठा आवाज मी तिचा वर्षभरात ऐकला नव्हता. म्हणाली, "चैताले, ऐक. पान्यात बाया-बिया काय नसत्यात. म्या खोटं सांगितलं व्हतं. तुझी आजी यडी हाय, अडानी. तिला कोनी शाळेत घातलं नाय."

चैताली म्हणाली, "मग तुझा भाऊ?"

आईने एक श्वास घेतला. मला वाटलं आता सांगते. ती म्हणाली, "त्यो मोठा पवनारा व्हता. तुझ्यासारखा. तुझी आत्या बघ, म्हातारी झाली तरी पवती. मी डोळ्यांनी बघितलं. तिला कोनी वढलं नाय."

चैतालीने माझ्याकडे बघितलं, "खरंच, आत्या? तू?" मी टोपी आणि गॉगल आणून घालून दाखवला. ती खो खो हसली. म्हणाली, "आजी, तू खरंच वेडी आहेस." आणि आई तिच्याबरोबर हसली, दात नसलेलं तोंड उघडून, "व्हय, यडीच." मागे तू तोंडावर हात धरून उभा होतास. तू ते कसं सहन केलंस? मला फोन हिसकावून घ्यावासा वाटत होता.

फोन ठेवल्यावर मी आईशी भांडले. हो, आजारी आईशी. म्हटलं, तू वेडी नाहीस. तात्यांनी तुला अडाणी म्हटलं, मनोजने घराबाहेर काढलं, आता नातीनेही वेडी म्हणायचं? चैतालीला खरं कळायला नको? ती बारा वर्षांची आहे, तिला समजतं.

आई म्हणाली, "म्हनू दे मला यडी. मला काय व्हतंय? पर तिला पान्यात शिरताना मागं वळून बघाया नको."

मी म्हटलं, आणि सहादूमामा? त्याचं नाव कोणीच घ्यायचं नाही का? मग त्या पायऱ्यांवरची माणसंच जिंकली ना, आई.

 तिने डोळे मिटले, मला वाटलं झोपली. मी तिच्या पायावर चादर ओढली. तशीच डोळे मिटून ती म्हणाली, "सांगा. सगळं सांगा तिला. त्याचं नावबी सांगा. पर आधी तिला पवू दे."

तुम्ही तिकिटं काढल्याचं स्नेहलने कळवलं; शनिवारच्या तुमच्या गाडीला मी स्टेशनवर येते. मी अजून खोल बाजूला गेलेली नाही. आशाला म्हटलंय, माझी भाची येतेय, तिच्यासोबत जाईन. चैतालीचा पोहायचा ड्रेस बॅगेत टाकायला विसरू नका.

ताई